लाल मातीवरची खूण

मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा शिकवायला कुणी उरलं नव्हतं. घरात एकटी बायको, एस्पेरांसा, आणि ती माझं ऐकण्याच्या कधीच पलीकडे गेलेली. एकतीस वर्षं वर्गात भूगोल ओरडून शिकवल्यामुळे आवाज मात्र शाबूत होता. त्या आवाजानंच घात केला.

मालवणच्या दक्षिणेला, समुद्राकाठी, एका हॉटेल कंपनीनं टेनिसचं मोठं स्टेडियम बांधलं होतं. पांढरंशुभ्र, तीन हजार खुर्च्यांचं. होडीवाले त्याच्या दिव्यांच्या खांबांवरून किनारा ओळखू लागले होते. आजूबाजूला सिमेंटची चार कोर्टं. मधलं मुख्य कोर्ट तेवढं लाल मातीचं. २००७ च्या डिसेंबरात तिथं राज्यातल्या मुलामुलींची स्पर्धा भरली आणि रेषेवर उभं राहून 'आउट' ओरडायला माणसं हवी होती.

मुलाखतीला मी गेलो. कंपनीच्या साहेबांनी पलीकडच्या भिंतीवरची पाटी वाचायला सांगितली. मी घडाघडा वाचली, कारण आत येताना तिच्याखालीच उभा राहून चहा प्यायलो होतो. 

"प्लासिद सर, नजर तर विशीतली आहे तुमची!" साहेब म्हणाले. मी लाजलो. खरं सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी एस्पेरांसा चष्मा घेऊन दारात उभी. "ह्यो घाल. बॉल म्हणजे काय फणस न्हय."

"टोपयेखाली चष्मो बरो दिसाचो नाय," मी म्हटलं आणि तसाच निघालो. 

दोन दिवस निभावलं. बॉल दिसला नाही की मी खेळाडूंची तोंडं बघायचो आणि त्यावरून ओरडायचो. लोक म्हणाले, सर काय ठामपणे सांगतात!

तिसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात जान्हवी होती. माझ्या शेवटच्या वर्गातली मुलगी. तिचे वडील दत्ताराम पाहुण्यांना होडीतून फिरवायचे. रविवारी सकाळी हॉटेलवाले गावच्या मुलांना कोर्टावर फुकट खेळू देत, त्यात ती शिकली. तीन हजार खुर्च्यांत आमच्या गावची सव्वाशे माणसं बसली होती आणि तीन हजारांचा गोंगाट करत होती. समोर पुण्याची उंच मुलगी.

दोघींचा एकेक सेट झाला होता. तिसरा अटीतटीचा. पुण्याच्या मुलीनं कोपऱ्यात सणसणीत फटका मारला. जान्हवी पोचली नाही. बॉल माझ्या रेषेपाशी पडला आणि मला एक पिवळा धूर तेवढा दिसला.

"आउट!"

अख्खं स्टेडियम उठलं. दत्तारामनं टोपी हवेत उडवली. मी छाती काढून उभा. पण जान्हवी रॅकेट खाली करून माझ्याकडे आली, वाकली आणि मातीवर बोट ठेवलं.

"सर, बॉल लायनीक लागलो, आत हा. ही बघा खूण."

मी वाकलो. नाक मातीला टेकायला आलं तेव्हा कुठे खूण दिसली. मुख्य पंच खुर्चीवरून उतरले, त्यांना ती चार पावलांवरूनच दिसली. पॉइंट पुण्याच्या मुलीला गेला. पुढे सामनाही गेला.

सामना संपल्यावर मी जान्हवीला गाठलं. "चुकलंय गो मी. माका दिसलाच नाय."

"मगे आउट कित्या म्हटलात सर?"

याचं उत्तर मला माहीत होतं. "तू जिंकूक व्हयी होतंस म्हणान."

तिनं रॅकेट पिशवीत घातली. मग म्हणाली, "तसा जिंकलंय असतंय तर रात्री झोप लागली नसती सर." पंधरा वर्षांची मुलगी! इतकी वर्षं मी हिला नद्या पाठ करायला लावत होतो.

मी तडक साहेबांकडे गेलो आणि पाटीपासून सगळं कबूल केलं. त्यांनी रेषेवरच्या पंचाची टोपी काढून घेतली. मी म्हटलं, दुसरं काही काम असेल तर द्या. सकाळी मातीवर पाणी मारून जाळी ओढायला माणूस हवा होता. निवृत्त मास्तर चष्मा लावून, बैलासारखा जाळी ओढत लाल माती सपाट करू लागला. एस्पेरांसा एकदा बघायला आली आणि हसून हसून खुर्चीत बसली.

दोन वर्षांनी जान्हवीला पुण्याला शिकायला जागा मिळाली. जायच्या आदल्या सकाळी ती सर्व्हिसचा सराव करायला आली. तासभर ती मारत होती आणि मी धापा टाकत बॉल गोळा करत होतो. निघताना तिनं पायातल्या बुटांची माती पायरीवर झाडली, मला नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, कंबर सांभाळा."