नानांच्या दोन खुर्च्या

बातमी मोबाइलवर आली, सकाळी चहाच्या वेळी. अमळनेरच्या आमच्या इंग्रजी क्लासच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘नाना सर किक्ड द बकेट’. पुढे जोडलेले हात, रडणारे चेहरे. कप हातात तसाच राहिला. नाना गेले यावर विश्वास बसेना, आणि ते असं कुणी लिहावं यावर त्याहून बसेना. टवाळ मित्र एखाद्याला ‘गचकला’ म्हणतात ना, त्या जातीचा तो वाक्प्रचार. आदल्याच संध्याकाळी नाना फोनवर म्हणाले होते, ‘उद्या खडू आण, विसरशील...’

शाळेतून निवृत्त झाल्यावर नानांनी घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला आणि मला मदतीला घेतलं. वर्गात दोन खुर्च्या कायम रिकाम्या असत. प्लास्टिकची मित्राची, लाकडी साहेबांची. नवा वाक्प्रचार आला की विद्यार्थ्याने तो दोन्ही खुर्च्यांना ऐकवायचा. ‘पीस ऑफ केक’ प्लास्टिकच्या खुर्चीपुढे खुशाल चाले; लाकडीपुढे ‘काम सोपं आहे, सर’ असं सरळ इंग्रजीत सांगावं लागे. मला तो पोरखेळ वाटायचा. ‘अर्थ पाठ झाला की झालं ना,’ मी एकदा म्हणालोही.

‘अर्थ गाईडातही असतो रे. समोर कोण बसलंय, ते गाईडात नसतं.’

मेसेज वैशालीचा होता. ती आता धुळ्याला एका ऑफिसात आहे. फोन करून मी तिला फाडफाड बोललो. तिला काही उमगेना. रडत म्हणाली, ‘सर, तुम्हीच शिकाडं व्हतं ना आम्हले...’

मग आठवलं. वैशाली क्लासला असताना एकदा नाना डोळे दाखवायला गेले होते आणि वर्ग माझ्याकडे होता. ‘किक द बकेट’ धरून वीस वाक्प्रचार उरकायच्या घाईत मी खुर्च्या भिंतीला सारून ठेवल्या. नानांना सांगितलं, सगळं नीट झालं. फोन ठेवला तेव्हा ग्रुपवर सगळे त्या पोरीवर तुटून पडले होते आणि मी गप्प होतो. अजून गप्पच आहे, म्हणून इथे लिहितो आहे.

दहाव्याला नानांच्या पत्नी, अक्का, यांनी मला जवळ बोलावलं. सुनेने मेसेज वाचून दाखवला होता, पण अर्थ तिलाही सांगता येईना. ‘त्या पोरनी काय लिखेल शे?’

‘नाना शांतपणे गेले, असं लिहिलंय.’

अक्कांनी पदराने डोळे पुसून नानांच्या फोटोकडे पाहिलं. ‘चांगलं लिखं पोरनी. यासनीच शिकाडं व्हई.’

मी ‘हो’ म्हणालो.