मासळीवालीचं पथ्य

सातपाटीपासून तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर आमच्या मासळीवालीइतकी हट्टी बाई दुसरी नसेल. असलीच तर तिने हिच्यासमोर येऊ नये. तीस वर्षं ती सातपाटीहून बोईसरला आमच्या दारात पाटी उतरवते. भाव एकदाच सांगते. दुसऱ्यांदा विचारलं तर मासळी झाकून टाकते. आमचा बंड्या कुत्रा आल्यापासून तर भवानीच्या, म्हणजे पहिल्या विक्रीच्या, आधी माशाचं पहिलं डोकं त्याला, हा तिचा नेम. “यानं तोंड लावलं का पाटी रिकामी होते,” म्हणायची. मी हसायचो, बायको तिची बाजू घ्यायची. बंड्या बायकोनेच आणलेला. ती गेल्या वर्षी गेली. आता घरात तिचं म्हणून हलतंय-चालतंय ते हे बारा वर्षांचं म्हातारं जनावर तेवढं.

तोच बंड्या खाल्लं की भिंतीला डोकं टेकून उभा राहायला लागला. पालघरच्या डॉक्टरने सांगितलं, लिव्हरमध्ये जायचं रक्त भलत्याच शिरेने परस्पर पुढे जातं, गाळलं जात नाही, आणि विष डोक्यात चढतं. या वयात ऑपरेशन नको. मासे-मटण बंद. भात, भोपळा, जरासं पनीर, थोडं थोडं चारदा, आणि पोट साफ राहायला तीनदा पिचकारीने तोंडात गोड औषध. मी मासळीवालीला बजावलं, मावरं बंद. तिने कान धरून कबूल केलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या भातावर मूठभर सुकट टाकली. संध्याकाळी बंड्या लाळ गाळत गोल गोल फिरायला लागला. आम्ही दोघांनी त्याला रिक्षात घातला. काय खाल्लं, असं डॉक्टरने विचारलं तर ही छाती काढून म्हणते, “मावरं नाय दिलं, देवाशपथ! सुकट दिली. सुकट काय मावरं हाय? ती चवीला, मिठासारखी!”

बंड्या सावरला, पण परत येताना मी तिला नको ते बोललो. “माझी एक गेली. आता हा पण घालव.”

दुसऱ्या दिवसापासून तिने पाटी फाटकाबाहेर ठेवली. कोपरापर्यंत साबण लावल्याशिवाय बंड्याला शिवेना. मी विचारलं, “भवानीचं काय?”

“नाय झाली तर नाय. तुमी पिचकारी भरा, दादा. आणि लुंगीवर सांडू नका, औषध त्याला हाय, तुमाला नाय.”

समोरच्या चाळीतले कारखान्यातले कामगार बंड्याला कोंबडीची हाडं टाकायचे. त्यांना हिने दारात जाऊन सुनावलं, “ए भाय, इसको फिर हड्डी डाला ना, तो तेरेकोच सुकट के बाजू में वाळत डालेगी!” पोरं तेव्हापासून हाडं पिशवीत बांधून लांब नेतात. मासे विकणारी बाई गल्लीभर ‘याला मासे घालू नका’ सांगत हिंडते, आणि हसायची हिंमत कोणाची नाही.

पावसाळ्यात होड्या बंद. पाटी नाही, तरी ही बसने हजर. दुपारचं औषध दिलं आणि पायरीवर टेकली. बंड्या तिच्या पावलावर डोकं ठेवून झोपला. किती दिवस काढेल ते डॉक्टर सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. मी म्हटलं, “बाय, बसची वेळ झाली.”

“वयनीचा लाडका हाय, निजू द्या,” ती म्हणाली. तिने पाय हलवला नाही. कोपऱ्यावर बस थांबल्याचं ऐकू आलं, मग निघाल्याचं. मी आत जाऊन चहाला पाणी ठेवलं, खूप दिवसांनी दोन कपांचं.