अर्धा कप, जैसे थे

शूटिंगच्या सेटवर त्यांना लहानथोर सगळे ‘जैसेथेकाका’ म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. त्यांचं खातं प्रॉपर्टीचं. सेटवर प्रॉपर्टी म्हणजे जमीनजुमला नव्हे. कॅमेऱ्यासमोर दिसणारी वस्तू, मग ती टेबलावरचा चष्मा असो की भिंतीवरचं घड्याळ, ती प्रॉपर्टी, आणि ती जागच्या जागी ठेवणं हे काकांचं काम.

सेटची भाषाच निराळी. नवा माणूस पहिल्या दिवशी पार गोंधळून जातो. ‘बेबी आणा’ म्हटलं की छोटा दिवा आणायचा. ‘पासिंग द्या’ म्हटलं की हिरोच्या मागून कोणीतरी नुसतं चालत जायचं. ‘चीट करा’ म्हणजे कोणाला फसवायचं नाही, खुर्ची चार बोटं सरकवायची. कॅमेऱ्याची सोय झाली पाहिजे आणि बघणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. आणि सगळ्यांत कडक शब्द ‘हॉट’. सेट हॉट आहे म्हणजे सीन अर्धा राहिलाय, उद्या तिथूनच पुढे सुरू होणार, तेव्हा कशालाही हात लावायचा नाही.

हा शब्द काका शिव्या खाऊन शिकले. बाविसाव्या वर्षी, पहिल्याच आठवड्यात, पॅकअपनंतर टेबलावर अर्धा भरलेला चहाचा कप दिसला. काकांनी तो उचलला, घासला, विसळला आणि उपडा घातला. दुसऱ्या दिवशी सीन पुढे सुरू करायला गेले तर कप नाही, आणि चहा नेमका कुठवर होता हे कोणाला सांगता येईना. अख्खं युनिट दोन तास हातावर हात ठेवून बसलं. तेव्हाचे प्रॉपर्टी-मास्तर म्हणाले, “तुझ्या आईने वळण चांगलं लावलंय. उद्यापासून ते घरी ठेवून येत जा.”

तेव्हापासून काका प्रत्येक वस्तूचा फोटो काढू लागले, खाली चिकटपट्टीची खूण करू लागले आणि दिवस संपला की दारात उभे राहून ओरडू लागले, “जैसे थे!” नासणारी वस्तू रोज ताजी आणायची, पण दिसायला कालचीच. हिरोने अर्धं खाल्लेलं सफरचंद आठवडाभर लागायचं तेव्हा रोजच्या ताज्या सफरचंदाचं दुसरं अर्धं काकांच्याच पोटात जायचं. चाळीस वर्षं त्यांची एकही वस्तू हलली नाही, आणि याचा त्यांना वाजवीपेक्षा जरा जास्तच अभिमान होता.

घरीही तीच तऱ्हा. बायको टीव्हीपुढे उभ्या राहिलेल्या शेजारणीला म्हणायची, “वहिनी, जरा चीट व्हा.” मुलगी शाळेत असताना आरशासमोर रेंगाळली की आईच हाक द्यायची, “पॅकअप!” नवऱ्याच्या काटेकोरपणाला मात्र ती वैतागायची. मिठाची बरणी वीतभर सरकली तरी त्यांना दिसायची. “सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही,” म्हणायची आणि मुद्दाम बरणी सरकवून ठेवायची.

काका निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत एका सकाळी ती ओट्याजवळच्या टेबलावर मटार सोलत असताना तिचा उजवा हात लुळा पडला. चहा अर्धा कप उरला होता. तिला हॉस्पिटलात भरती करून काका कपडे न्यायला घरी आले, तर सगळं तसंच: कप, शेंगांचा ढीग, तिरकी राहिलेली खुर्ची. त्यांनी फोटो काढले, खुणा केल्या आणि स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला: सेट हॉट आहे.

पंधराव्या दिवशी मुलगी आवराआवर करायला आली. पाहते तर कपात ताजा चहा, बरोबर अर्धा. शेंगाही हिरव्यागार.

“बाबा, हे काय चाललंय?”

“चहा नासतो. रोज बदलावा लागतो.”

ती मटकन खुर्चीत बसणार होती, पण बापाचा चेहरा पाहून उभीच राहिली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की उजवा हात पूर्वीसारखा होणार नाही. “आता दोघंही माझ्याकडे चला,” ती म्हणाली. “आईला इथलं काही झेपायचं नाही.”

संध्याकाळी हॉस्पिटलात तिने तोच विषय काढला. आईचे शब्द जड येत होते, पण डोकं लख्ख होतं. “मला एकदा माझ्या ओट्याशी उभी करा,” ती म्हणाली. “माझा चहा मला करता आला तर मी माझ्या घरात राहणार. नाही आला, तर येते तुझ्याकडे. कुरकुर करणार नाही.” मुलीने मान्य केलं.

बायकोला घरी सोडायला अजून नऊ दिवस होते. काका घरी आले, उजवा हात खिशात कोंबला आणि एका हाताने चहा करून पाहिला. दोनदा सांडला. बरणीचं झाकण फिरेना. गाळणी धरली तर पातेलं कोण ओतणार? जो ओटा त्यांनी जिवापाड जपला होता, तो जसाच्या तसा राहिला तर बायको त्याच्यापुढे हरणार होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना ‘जैसे थे’ या शब्दांची भीती वाटली.

रात्रभर विचार केला नाही त्यांनी. जेवले आणि झोपले. सकाळी करवत काढली. ओट्यावर भोक पाडलेली फळी ठोकली, बरणी तिच्यात बसवली की हलायची नाही. तार वाकवून तिवई केली आणि गाळणी तिच्यावर बसवली. बटण फिरवताच पेटणारी शेगडी आणली. उजवीकडचं सगळं डावीकडे घेतलं, फळ्या खाली उतरवल्या. शेवटी टेबलावरच्या कपाकडे वळले. क्षणभर थांबले आणि कपाचा कान डावीकडे फिरवला. मग दारावरचा कागद फाडून टाकला.

नवव्या दिवशी ती आली. काठी टेकत दारात थांबली आणि नजर एकदा ओट्यावरून फिरवली.

“माझ्या ओट्याला कोणी हात लावला?”

“मी,” काका म्हणाले. “थोडं चीट केलंय.”

तिने डाव्या हाताने पातेलं ठेवलं, पाणी घेतलं, बटण फिरवलं. साखर थोडी सांडली. बरणीचं झाकण पहिल्यांदा निसटलं तशी मुलगी पुढे झाली. काकांनी तिचा दंड धरला. “शॉट चालू आहे,” ते हळूच म्हणाले. झाकण दुसऱ्यांदा फिरलं. अर्ध्या तासाने का होईना, गाळणीतून चहा दोन कपांत पडला.

“घ्या,” ती नवऱ्याला आणि मुलीला म्हणाली. मुलीने डोळे पुसले आणि कप घेतला. मुक्कामाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

मग बायको आपल्या तिरक्या खुर्चीत बसली. समोर तिसरा कप होता. “आणि हा कोणाचा?”

“तुझाच. अर्धा राहिला होता.”

तिने कपाकडे पाहिलं, त्याच्या डावीकडे वळलेल्या कानाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “चोवीस दिवसांचा?”

“छे, सकाळचा.”

“गार झालाय,” ती म्हणाली, आणि तरी डाव्या हाताने उचलून तळापर्यंत प्यायली. रिकामा कप तिने नवऱ्यापुढे केला. “आता धुतला तरी चालेल.”

काकांनी तो कप घासला, विसळला आणि उपडा घातला.