पाळणा, गाडीसकट

आमच्या आईचं म्हणणं असायचं की माझ्या मोटारसायकलवर दोनच गोष्टी टिकून राहतात, एक मी आणि दुसरी धूळ. बाकी जे काही ठेवाल ते वाटेत उतरतं. तिचं म्हणणं अनुभवातून आलेलं होतं, त्यामुळे मी कधी वाद घातला नाही.

आधी गाडीबद्दल सांगतो. मी यवतमाळला भूजल मोजणाऱ्या कचेरीत होतो. ठरवून दिलेल्या विहिरींची पातळी मोजायची, बाटल्यांत पाणी भरून आणायचं, हे काम. निम्म्या विहिरींना रस्ता नव्हता. म्हणून नागपूरच्या एका हौशी माणसानं विकायला काढलेली, डोंगरदऱ्यांतून उडवायची मोटारसायकल मी घेतली. उंच, हडकुळी, मोठाल्या गुटक्यांचे टायर. शॉकअप इतके लांब अन् मऊ की वर बसलं की गाडी आधी खाली जायची आणि मग जरा विचार करून वर यायची. कॉलनीतले लोक तिला सांडणी म्हणायचे. दगडांना लागू नये म्हणून तिचा सायलेन्सर उजव्या अंगानं वर चढून थेट सीटच्या बाजूला आलेला होता.

हा सायलेन्सर लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.

कळंबचा एक गादीवाला फार चांगली गादी भरतो, असं आईला कोणीतरी सांगितलं. मी विहिरी मोजायला तिकडं जातच होतो. परत येताना नवी कोरी गादी गुंडाळून मागं आडवी टाकली, हुकाच्या रबरानं आवळली आणि निघालो. रस्त्यातले लोक माझ्याकडं बघून हात करत होते. मला वाटलं, गाडी आवडली. मीही हात केला. एक सायकलवाला तर ओरडत काही अंतर मागं धावला. त्यालाही मी मान लववली. आरशात मागं पांढरं पांढरं दिसत होतं, ते मी धूळ समजलो. शेवटी एक ट्रकवाला आडवा आला आणि खाली उतरून म्हणाला, "भाऊ, तुमची गादी जळून राह्यली ना! अन् तुम्ही काय नमस्कार करत चाल्ले?"

घरी पोचलो तेव्हा गादीचं एक टोक शिल्लक होतं. आईनं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "उशी चांगली भरली हो."

त्या दिवसापासून मी सामान बांधण्याचा अभ्यास सुरू केला. कसला अभ्यास, नादच लागला. वजन खाली ठेवायचं, सायलेन्सरच्या अंगाला काही लटकवायचं नाही, चार टोकांनी चार दिशांना ताण द्यायचा, थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा हात लावून बघायचं. हुकाचं रबर मी कायमचं टाकून दिलं. नायलॉनची दोरी घसरते, म्हणून तीही गेली. शेवटी मी दोन गोष्टींवर आलो. खाली फाटक्या ट्यूबचे पट्टे आणि वरून अंबाडीचं चऱ्हाट. अंबाडी घसरत नाही. गाठ मारली की ती तिथंच राहते. त्या गाठीवर आणखी एक गाठ मारायची, मनाच्या समाधानासाठी. कचेरीत कोणाला पाण्याची बाटली जरी सायकलला बांधायची असली तरी मी उठून जायचो. लोक मला पाहून बाटली पिशवीत घालायचे.

अशात ताईचा फोन आला.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिला झरी जामणीच्या पलीकडं, जंगलाच्या कडेच्या एका गावात दिलेली. सासर शेतकरी, कापसाचं. पहिली मुलगी आमच्याकडं झाली, दुसरा मुलगा तिथंच झाला. गावातल्या एकुलत्या एका फोनवरून तिनं कचेरीत फोन लावला होता.

"बारसं आहे. आपला पाळणा आणता येईन का तुले?"

आमचा पाळणा सागवानी. रंगीत लाकडी चिमण्या लावलेला, स्टँडवर झुलणारा. आम्ही दोघं भावंडं त्यात झोपलो, ताईची मोठी पोर त्यातच झोपली.

मी म्हटलं, "आढ्याले झोळी बांधा ना."

"कोणत्या आढ्याले? माजघरात कापूस भरून हाय आढ्यापर्यंत. भाव नाही म्हणून यायनं विकलाच नाही. आम्ही कापसाले घर देल्लं अन् ओसरीत राहून राह्यलो."

ती तशी वर्षं होती. आपल्याकडं कापूस पिकत होता आणि भाव कुठं तरी दुसरीकडं ठरत होता. भाव येईल म्हणून माणसं कापूस घरात कोंडून ठेवायची आणि त्याच्यावरच झोपायची.

"बसनं आणू?"

"बस गावात येते का, बयताडा? नाल्याच्या अलीकडंच सोडून देते. तुही सांडणी कायले हाय मंग?" मग तिचा आवाज जरा खाली आला. "ऐक. आत्याबाई म्हणे, शेजारचा पाळणा मागून आणू. मी म्हटलं, माहा भाऊ आणते. साऱ्या बायाईसमोर म्हटलं. बाकी लुगडं-आंगठी काही आणू नका, आईले सांग. पाळणाच पाह्यजे."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. त्या वर्षी कोणीच कोणाला लुगडी-आंगठ्या करायच्या बेतात नव्हतं. ताईनं आमची बाजू आधीच राखून ठेवली होती, आता मला फक्त पाळणा पोचवायचा होता. न पडता, न जळता.

बारशाच्या दिवशी पहाटे मी अंगणात कामाला लागलो. स्टँडचे पाय काढून डाव्या अंगाला, सायलेन्सरपासून दूर. पाळण्याची पेटी मागच्या कॅरियरवर. ती उलटी बांधली असती तर सोपं होतं, पण आई म्हणाली, पाळणा रिकामा न्यायचा नाही. तिनं त्यात डिंकाच्या लाडवांचा डबा, कुंची आणि झबली ठेवली. म्हणजे पाळणा सरळच ठेवणं आलं. मग मी चऱ्हाट घेतलं आणि पेटीच्या खालून, कॅरियरमधून, सीटखालून, मडगार्डवरून असं विणत गेलो. गाठीवर गाठ. शेवटी पाळणा धरून गाडी हलवली तर गाडी हलली, पाळणा नाही. हत्तीवर अंबारी ठेवावी तसा तो दिसत होता.

आई बराच वेळ बघत होती. "सोडशील कसा?"

"सोडायची वेळ आली की सुटेल," मी म्हटलं.

पांढरकवड्यापर्यंत डांबर होतं. तिथं चहाला थांबलो. नेमाप्रमाणे सगळ्या गाठींना हात लावून पाहिला. चहावाला कपबशी धरून माझ्याकडं, मग रिकाम्या पाळण्याकडं, मग मी आलो त्या रस्त्याकडं बघत राहिला.

"भाऊ," तो काळजीनं म्हणाला, "लेकरू वाटेत पडलं काय?"

पुढं डांबर संपलं आणि सांडणीचा खरा मुलूख लागला. दगड, चाकोऱ्या, सागाच्या पानांचा खच. पाळण्यातल्या चिमण्या मागं टकटक वाजत होत्या. बाकी काही हललं नाही. गावाच्या अलीकडच्या नाल्यात अजून पाणी होतं. मध्यावर मागचं चाक रुतलं, गाडी वाकडी झाली, आणि मी पाय टाकून तिला सावरेपर्यंत मागचा भाग पाण्यात बसला. पेटीला पाणी लागलं नाही. लाडू कोरडे. फक्त खालचं चऱ्हाट तेवढं भिजलं. मी स्वतःवर इतका खूश होतो की पलीकडच्या काठावर थांबून मागं वळून त्या नाल्याकडं पाहून घेतलं.

गावात शिरलो तेव्हा भाऊजींच्या फाटकाशी बायकांचा घोळका होता. ताई ओसरीत बाळाला घेऊन बसली होती. मला पाहून तिचं तोंड असं फुललं की वाटेतले सगळे दगड वसूल झाले.

"आला व तुहा भाऊ," आत्याबाई म्हणाल्या. "अन् पाळणाबी आणला. चाला, सोडा लवकर. बाया केव्हाच्या येऊन बसल्या, घुगऱ्या शिजल्या."

मी डबा आणि झबली काढून दिली. मग पहिल्या गाठीला हात घातला.

भिजलेली अंबाडी फुगते. फुगली की आखडते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला आला असता तर मीच त्याला बांधणीचे दोन धडे दिले असते. गाठ कुठं सुरू होते तेच दिसेना. नखं मोडली. दात लावले, तोंडात नाल्याचा चिखल आला. पेचकस खुपसला तर तो वाकला. भाऊजींनी बाहीसुद्धा वर केली, एका गाठीशी झटले आणि मागं सरकले.

"साळेबुवा, हे बांधलं का वेल्डिंग केलं?"

घोळक्यातून एक आवाज आला, "मामानं पाळणा द्याले आणला, का दाखवून परत न्याले?" सगळ्या हसल्या. ताई हसली नाही. ती बाळाच्या अंगावरचं दुपटं उगाच नीट करत राहिली.

भाऊजींनी विळा आणला. मी म्हटलं, कापा. चऱ्हाट गेलं तर गेलं.

"खबरदार!" आत्याबाई मधे आल्या. "बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी कापते का कोणी? आमच्यात नाही चालत."

"अहो, ही पाळण्याची दोरी नाही," मी म्हणालो. "गाडीची आहे."

"पाळण्याले बांधली ना? मंग पाळण्याचीच झाली."

मी पुन्हा गाठीशी बसलो. ऊन वर येत होतं. मागं कोणीतरी म्हणालं की शेजारचा पाळणा आणायला किती वेळ लागतो, आत्ता आणते. आत्याबाई नाही म्हणाल्या नाहीत. मी ताईकडं बघितलंच नाही.

तेव्हा ताईच उठली. बाळाला खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत आली. गाडीकडं बघितलं, पाळण्याकडं बघितलं. पाळणा सरळ, तोंड आभाळाकडं करून, आतून कोरडा ठक्क बसलेला होता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "गाडीच आत घेऊ ना. निंबाखाली."

"अन् करू काय तिचं?"

"पाळणा आहे ना वर? मंग पोरगं ठेवू पाळण्यात."

आत्याबाईंनी गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. टायर पाहिले. सायलेन्सर पाहिला.

"पहिले हिले आंघोळ घाला," त्या म्हणाल्या.

भाऊजी आणि मी बादल्या ओतून सांडणी धुतली. गाठींना आणखी पाणी मिळालं, पण आता कोणाला पर्वा नव्हती. सायलेन्सरवर मी ओलं पोतं टाकलं आणि ते वर सरकणार नाही असं बसवलं. आत्याबाईंनी पोत्यावर स्वतः तळहात टेकवून खात्री केली. गाडी कडुनिंबाखाली आली. हेडलाइटला हळद-कुंकू लागलं, हँडलला झेंडूची माळ. पाळण्यात नवी गोधडी अंथरली.

बारशात बाळ पाळण्याच्या वरून द्यायचं आणि खालून घ्यायचं असतं. पाळण्याखाली इथं चाक होतं. "खालून म्हंजे चाकाखालून का व?" असा मोठा प्रश्न उभा राहिला. आत्याबाईंनी तो एका वाक्यात मिटवला. "सीट पाळण्याच्या खालीच हाय ना? मंग सीटवरून घ्या." बाळ पाळण्यावरून गेलं, सीटवरून आलं, बायकांच्या हातांतून फिरत शेवटी गोधडीवर टेकलं आणि त्यानं भोकाड पसरलं.

"झोका द्या!" बायका ओरडल्या. पण झोका द्यायला पाळणा हलत नव्हता. तो हलू नये म्हणूनच मी पहाटे एवढा घाम गाळला होता.

तेव्हा मला शॉकअप आठवले. मी हँडल घट्ट धरलं आणि भाऊजींना म्हणालो, "सीट दाबा. हळू. आता सोडा." गाडी खाली गेली आणि, तिच्या सवयीप्रमाणे जरा विचार करून, वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर. नागपूरच्या त्या माणसानं ज्यासाठी कुठून कुठून शॉकअप मागवले असतील ते असो, त्यांचं खरं काम त्या अंगणात झालं. बाळानं रडं मधेच थांबवलं, डोळे मोठे करून निंबाच्या फांद्या खालीवर होताना पाहिल्या आणि जांभई दिली. त्याच्या आत्यानं, म्हणजे भाऊजींच्या बहिणीनं, कानात नाव सांगेपर्यंत ते झोपलं होतं. बायकांची गाणी संपली तरी भाऊजी सीट दाबतच होते.

"मोटरसायकलवरचं बारसं आमच्या तालुक्यात कोणाच्याच घरी नाही झालं," आत्याबाई घुगऱ्या वाटताना प्रत्येकीला सांगत होत्या. "सूनबाईच्या माहेरानं पाळणा धाडला, गाडीसकट."

ताईनं माझ्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या, जरा जास्तच. मग माझी मोडकी नखं पाहून हसली.

जेवण करून आलो तर निंबाची सावली सरकली होती आणि चऱ्हाट उन्हानं वाळून सैल पडलं होतं. ताईनं केसातल्या पिनेनं एक गाठ उचकटली आणि उरलेल्या लोंबायलाच लागल्या. पाळणा ओसरीत गेला. तो त्यांनी ठेवूनच घेतला, आणि आम्हीही मागितला नाही.

निघताना भाऊजी कापसाचं एक गाठोडं घेऊन आले. "आईसाठी. गादी भरा. भाव येईन तवा येईन, झोपाले तं कामी पडन."

मी चऱ्हाट उचललं. ताईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि गाठोडं स्वतः बांधलं, डाव्या अंगाला, एका फासात. टोक बाहेर ठेवलं. "घरी गेल्यावर आई ओढीन. तू हात लावजो नको."

मी लावला नाही, चहासाठी थांबलो तेव्हाही नाही. यवतमाळच्या अलीकडं मात्र रस्त्याकडेला एक माणूस जोरजोरात हात करत होता. मी गाडी थांबवली, घाईनं उतरलो, मागं जाऊन वाकलो आणि गाठोड्याचा वास घेतला.

"काय झालं भाऊ?" त्यानं विचारलं. "मले फक्त गावात सोडाचं होतं."