बाईंचं हेलिकेज

बाईंना घाण म्हणून खपत नसे. नवऱ्याने विसळून पालथा घातलेला पेला त्या पुन्हा विसळायच्या, आणि नवराही असा वस्ताद की त्यांच्या डोळ्यांदेखत तो तिसऱ्यांदा विसळून ठेवायचा.

जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवून बाई निवृत्त झाल्या, आणि लोक ज्या वयात गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगत बसतात त्या वयात पीएचडीला लागल्या. जाऊबाई म्हणाल्या, “म्हातारपणी हे कसले डोहाळे?” बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरी पंचाईत पुढेच होती. मार्गदर्शक मिळाला तो त्यांचाच जुना विद्यार्थी. वर्गात बडबड करतो म्हणून ज्याला त्यांनी कितीदा बाकावर उभं केलं, तोच आता खुर्चीत बसून त्यांचं काम तपासणार! चारचौघांत बाई त्याला ‘सर’ म्हणत आणि तो त्यांना ‘मॅडम’. दार लागलं की तो ‘बाई’वर यायचा आणि त्या ‘अरे’वर.

विषय हेलिकेजचा. नाव ऐकून पान उलटू नका, गोष्ट सोपी आहे. बॅक्टेरियाला एकाचे दोन व्हायचं तर आधी आपल्या डीएनएची नक्कल काढावी लागते, आणि डीएनए म्हणजे एकमेकांना पीळ घालून बसलेले दोन धागे. ते सुटे झाल्याशिवाय नक्कल कशाची काढणार? ते सोडवतं हेलिकेज. हे सहा तुकड्यांचं एक कडं असतं. एक धागा भोकातून आत घ्यायचा, दुसरा बाहेर ठेवायचा आणि एटीपी नावाच्या इंधनावर धावत सुटायचं, म्हणजे पीळ उलगडत जातो.

बाईंचा बॅक्टेरिया मातीतला, फारसा कुणी न विचारलेला. त्याचं हेलिकेज वेगळं काढायचं आणि नळीत चालवून दाखवायचं, एवढंच काम. नळीत एक धागा, दोन्ही टोकं जोडून गोल केलेला, आणि त्याला चिकटलेला दुसऱ्या धाग्याचा, चमकत्या रंगाचा छोटा तुकडा. हेलिकेज धावलं तर तुकडा सुटणार आणि जेलच्या पातळ वडीत खाली वेगळी रेघ होऊन चमकणार. रेघ दिसली की जिंकलं. पण रेघ दिसेल तर शपथ. बाईंचं हेलिकेज ढिम्म.

“बाई, विद्यापीठाची समिती ह्या बैठकीत तुमची पीएचडीची नोंदणी रद्द करणार बघा,” मार्गदर्शक म्हणाला. “विषय बदलू. काहीतरी सोपं घेऊ.”

“सोपं घ्यायचं असतं तर घरी बसून टोप्या विणल्या असत्या.”

तोंडाने असं म्हणाल्या, पण आतून त्या हादरल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेलं मुलांना शिकवलं. एक तरी गोष्ट आपण पहिल्यांदा पाहावी, एवढी एकच हाव त्यांना होती. नोंदणी गेली की तीही गेली.

काम बिघडलं की बाईंचं औषध ठरलेलं, आणखी स्वच्छ करा. बॅक्टेरिया फोडून काढलेला रस कॉलममधून, म्हणजे बारीक मणी भरलेल्या नळीतून सोडायचा. हेलिकेज मण्यांना धरून राहतं, बाकीची घाण खारट पाण्याने धुऊन काढायची. बाई पाणी अधिक खारट करत गेल्या, अधिक वेळ धूत गेल्या. मार्गदर्शक कौतुकाने म्हणायचा, “इतकं शुद्ध हेलिकेज मी पाहिलं नाही.” शुद्ध होतं खरं, पण काय चाटायचंय त्या शुद्धतेला!

त्यात नवऱ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वेळ अचानक अलीकडे आली. दवाखान्यातून फोन आला तेव्हा कॉलम अर्धाच धुऊन झाला होता. बाईंनी होतं तसं हेलिकेज उतरवून बर्फात ठेवलं आणि धावल्या. डोळ्यावर पट्टी बांधलेला नवरा सगळं ऐकून म्हणाला, “धुणं अर्धवट टाकून आलीस? मी एवढा लाडका आहे हे माहीत नव्हतं हो.”

“गप्प पडा,” बाई म्हणाल्या आणि त्याचं पांघरूण नीट केलं.

दुसऱ्या दिवशी ते अर्धवट हेलिकेज ओतून द्यायला त्यांनी उचललं. पण डीएनए तयार होता, तोही वायाच जाणार. जाऊ दे, घालून तर बघू, म्हणून घातलं. आणि रेघ उमटली. स्वच्छ, ठसठशीत, जिथे हवी तिथे. बाई स्टूल ओढून बसल्या आणि पुन्हा पुन्हा बघत राहिल्या.

मार्गदर्शकाने जेल पाहिलं आणि मान खाजवली. “रागावू नका बाई, पण ह्यात कचरा आहे. त्यातल्याच कशानेतरी डीएनए कुरतडला असेल. समिती पहिलं हेच विचारेल.”

बाईंना राग आलाच, कारण तो बरोबर बोलत होता. पण राग आला की त्यांचं डोकं चालायचं. हेलिकेज म्हणजे बंद कडं. धागाही गोल, बंद. बंद कडं बंद गोलात शिरणार कसं? कुणीतरी ते उघडून धाग्यावर चढवायला हवं. दुसऱ्या बॅक्टेरियांत असा मदतनीस असतो. ह्याच्या जनुकांत तसला कुणी सापडला नव्हता, म्हणून ह्याचं कडं आपलं आपणच उघडतं असं सगळे धरून चालले होते. पण मदतनीस असलाच तर? हेलिकेजला चिकटून तो कॉलमवर येत असेल, आणि आपणच त्याला घाण समजून सिंकमध्ये सोडत असू. बाईंनी कपाळावर हात मारला.

मग त्यांनी पदर खोचला. कॉलम नेहमीसारखा कडक धुतला, पण ह्या वेळी धुवण ठेवलं आणि त्यातलं मीठ काढलं. एका नळीत नुसतं शुद्ध हेलिकेज, दुसरीत नुसतं धुवण, तिसरीत दोन्ही, चौथीत दोन्ही पण एटीपी नाही. कचरा डीएनए कुरतडत असेल तर नुसत्या धुवणातही रेघ दिसायला हवी. मार्गदर्शक शेजारी उभा होता. रेघ उमटली ती फक्त तिसऱ्या नळीची.

“बाई,” तो म्हणाला, आणि आ वासून जेलकडे बघत राहिला.

“अरे, तोंड मीट,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अति तिथे माती. पेल्यांच्या बाबतीत मी हेच कधीचं सांगतोय.” त्या दिवशी पेला एकदाच विसळला गेला.

बैठकीपर्यंत बाईंनी त्या धुवणातून नेमकं प्रथिन वेगळं काढलं. एवढंसं होतं ते, जनुकांच्या यादीत ‘काम अज्ञात’ म्हणून पडलेलं. ते घातलं की शुद्ध हेलिकेज धावायचं, नाही घातलं की ढिम्म.

समितीसमोर बाईंनी वर्गात बोलतात तशी सगळी हकिगत सांगितली, स्वतःची चूकसुद्धा. अध्यक्षांनी कचऱ्याचा प्रश्न विचारला. बाईंनी चार नळ्यांचं जेल पुढे सरकवलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“छान आहे. रद्द करायचा प्रश्नच नाही. एक वर्षाची मुदतवाढ देऊ या.”

“मुदतवाढ नको,” बाई म्हणाल्या. “काम झालंय. प्रबंध सादर करायची परवानगी द्या.”

अध्यक्ष मार्गदर्शकाकडे वळले. “सर, तुमचं काय म्हणणं?”

तो उठून उभा राहिला. तिथे कुणीच उभं राहून बोलत नसे. हात सरळ, मान ताठ.

“बाई म्हणतात ते बरोबर आहे.”

अध्यक्ष हसले आणि त्यांनी कागदावर सही केली. तो मात्र उभाच.

“बस आता,” बाई हळूच म्हणाल्या. तेव्हा तो बसला.