गाडीचं दार उघडलं नाही तेव्हा

देवावर रुसायचं माझं वय नव्हतं, तरी मी रुसले होते. माझ्या लेकीची, रूपाची, दोन बाळं पोटातच गेली. दुसऱ्या वेळी मी शहापुरातल्या आमच्या घरात यल्लम्मा आईच्या फोटोपुढं उभी राहिले आणि तोंडावर सांगितलं, "तुझं माझं आता पटायचं न्हाय. तू तुझ्या डोंगरावर, मी माझ्या घरात." त्यानंतर वर्षभर ना उपास केला, ना परडी भरली. आमचे हे म्हणायचे, "देवाशी भांडून कुणाचं भलं झालंय?" मी म्हणायची, "न भांडता तरी कुठं झालं?" अशी मी. जीभ आधी पळते, डोकं मागनं येतं.

तिसऱ्या खेपेला रूपाला दिवस राहिले तेव्हा ती जपानात होती. जावई निपाणीचे, तिकडं नागानो भागातल्या डोंगराळ गावात एका कारखान्यात इंजिनियर आहेत. बाळंतपणाला मी गेले. सातवा सरता सरता रूपाचं प्रेशर वाढलं आणि तिला लांबच्या मोठ्या गावातल्या दवाखान्यात ठेवून घेतलं. मग जावयांच्या मागोमाग माझा रोजचा प्रवास सुरू झाला. घराजवळून दोन डब्यांची रेल्वे, मधल्या एका छोट्या स्टेशनवर उतरायचं आणि तिथून बस.

खोटं कशाला बोलू, एवढ्या काळजीतही तो प्रवास मला आवडायला लागला होता. खाली हिरवीगार नदी, बोगद्यामागून बोगदे, आणि शेवटचा बोगदा संपला की एकदम समोर बर्फाचा डोंगर. पानं झडलेल्या झाडांवर नारंगी फळं तेवढी लटकत राहिलेली. गाडीत कंडक्टर नाही. ड्रायव्हर एकटाच, हातात पांढरे मोजे. सिग्नल आला की बोट दाखवून स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचा. मला आपलं वाटलं, नामस्मरण करतोय. आमच्या चोर्ला घाटातला ड्रायव्हर एका हातानं स्टेअरिंग फिरवतो, दुसऱ्यानं पान खातो आणि वर मागं वळून गप्पाही मारतो. दोघंही सुखरूप पोचवतात, हे मात्र खरं!

आणि तिथली माणसं उठता बसता "हाय, हाय" म्हणायची. मी पहिल्याच दिवशी जावयांना म्हटलं, "पावनं, ही तर माझ्या माहेरची, बेळगुंदीचीच बोली की! काय बी विचारा, हाय म्हणत्यात." जावई पोट धरून हसले. त्यांच्यात 'हाय' म्हणजे 'व्हय', हे त्यांनी मला समजावून सांगितलं. माहेरचा शब्द परमुलखात भेटला म्हणून मला उगीचच बरं वाटलं होतं.

आठवा महिना लागला. जावई रात्रीचे दवाखान्यातच राहायला लागले. एका सकाळी त्यांचा फोन आला. "मामी," ते मला मामीच म्हणतात, "डॉक्टर आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करूया म्हणत्यात. पण रूपा हटून बसलीया. आई आल्याबिगर सही करणार न्हाय म्हणती."

आमच्यात म्हणतात, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं आठव्यातलंच होतं. तिसऱ्या दिवशी गेलं. ते गेलं तेव्हा माझ्याच मांडीवर होतं. मी फोनवर ओरडले, "सही करू देऊ नगा, पावनं! आठवा चालू हाय. महिना भरू दे. मी येते, मी बोलते त्या डॉक्टरशी!" कुठल्या भाषेत बोलणार होते देव जाणे. पण रूपा माझ्या शब्दाबाहेर नाही हे मला ठाऊक होतं. मी पोचले की ते ऑपरेशन थांबणार, एवढंच डोक्यात होतं. जावयांनी स्टेशनचं आणि दवाखान्याचं नाव जपानीत लिहून दिलेला कागद मुठीत धरला आणि निघाले. माझा फोन फक्त घरातल्या वायफायवर चालायचा, त्यामुळं उंबऱ्याबाहेर पडल्यावर तो नुसता खिशातला दगड.

रोज मी जावयांच्या मागं निमूट पुढच्या डब्यात बसायची. त्या दिवशी डोळे वाहत होते, लोकांनी बघू नये म्हणून मागच्या जवळजवळ रिकाम्या डब्यात जाऊन बसले. छोट्या स्टेशनांवर फक्त पुढच्या डब्याचं, ड्रायव्हरजवळचं दार उघडतं, हे मला कुठं माहीत! माझं स्टेशन आलं. मी दारापाशी उभी. दार उघडेना. बसचा पत्रा बडवतात तसं मी ते दार बडवलं आणि ओरडले, "ओ! उतरनार हाय! एक जण हाय हितं, हाय, हाय!" डब्याच्या टोकाला बसलेल्या एका माणसानं माझ्याकडं बघून अदबीनं मान लववली. बरोबरच आहे, मी त्याला 'व्हय, व्हय' म्हणत होते! गाडी सुटली.

मी तिथंच खाली बसले. रागानं, भीतीनं रडू कोसळलं. वर्षभर जिच्याशी बोलले नव्हते तिलाच मोठ्यानं विचारलं, "आई, तू हाईस का न्हाईस गं?"

"हाय," कुणीतरी म्हणालं.

बघते तर पुढच्या डब्यातून एक म्हातारी आली होती. माझ्याच वयाची किंवा थोडी मोठी. पाठीत वाकलेली, हातातल्या पिशवीतून मुळ्याचा पाला बाहेर आलेला. दार बडवल्याचा आवाज ऐकून आली असावी. तिनं माझ्या दंडाला धरून उठवलं, मुठीतला कागद सोडवून वाचला आणि पुन्हा म्हणाली, "हाय, हाय." पुढच्या स्टेशनवर तिनं मला पुढच्या दारानं उतरवलं, आणि स्वतःही उतरली. परतीच्या गाडीला खूप वेळ होता. तिनं मला रस्त्यावर नेऊन एका बसमध्ये बसवलं आणि शेजारी बसली.

ती बस दवाखान्याकडंच, पण लांबच्या वाटेनं जाणारी होती. घाट चढली, लाल पूल ओलांडला, धरणाच्या कडेकडेनं फिरली. प्रत्येक वळणावर ड्रायव्हर सावकाश काहीतरी सांगायचा आणि मी मनात म्हणायची, मेल्या, हाक की गाडी! म्हातारीनं माझा हात आपल्या हातात घेतला होता. तिचा हात खरखरीत होता, शेतातल्या बाईचा. हळूहळू माझा राग संपला. माझ्या हातात होतं तरी काय? ना स्टेअरिंग, ना ब्रेक, ना लेकीचं पोट. मी पहिल्यांदाच काही न मागता म्हटलं, "बरं आई. तू बघ." खिडकीबाहेर ऊन बर्फावर पडलं होतं. मी ते बघत बसले.

दवाखान्याच्या दारात म्हातारी कमरेत वाकली. मीही वाकले. ती समोरच्या थांब्यावर जाऊन परतीच्या बसची वाट बघत उभी राहिली. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

वर गेले तर जावई भिंतीला टेकून उभे, हसतायत आणि रडतायत. "पोरगी झाली, मामी. तुमची वाट बघितली, पण डॉक्टर म्हणाले आता अजिबात थांबता येत न्हाय. मग रूपानं सही केली." बाळाची वार आधीच आतल्या आत सुटायला लागली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर माय-लेकी दोघी हाताला लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले होते. बाळ काचेच्या पेटीत होतं, मूठभर. पण श्वास घेत होतं.

चार दिवसांनी रूपानं विचारलं, "आई, तू येऊन डॉक्टरला काय सांगणार होतीस?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "नको म्हणून सांगणार होते."

ती पेटीतल्या बाळाकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तू वेळेत आली असतीस तर मी तुझंच ऐकलं असतं गं."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन पोटभर रडले.

म्हातारीला माझं बोलणं काय कळलं असेल? काहीच नाही. मी रडत होते, तिनं 'व्हय, व्हय' केलं. कुणी असं म्हणालं तर मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की जन्मभर मी आईकडं मागत आले ते माझ्या मनासारखं व्हावं म्हणून. त्या दिवशी माझ्या मनासारखं झालं असतं तर आज माझी लेकही नसती आणि नातही नसती. आता मागताना शब्द अडतात, आणि अडले तरी बरंच वाटतं.

तू मला वेळेवर पोचू दिलं नाहीस, आई. तुझे लई उपकार झाले.