न मोजलेला हात

मंडळाच्या वार्षिक सभेत ठराव मताला टाकला की काकू हात वर करत. बायकांचे हात मोजायचे नाहीत असा नियम होता, तरी करत. सेक्रेटरी बोटानं मोजत यायचे, त्यांच्यापाशी थबकायचे आणि म्हणायचे, "वहिनी, तुमचा धरलेला नाही हं."

"माहीत आहे. तुम्ही मोजू नका, मी खाली घेत नाही."

मोजणी संपेपर्यंत हात सरळ. साठीची बाई, त्यात खांद्याचं दुखणं. मागच्या रांगेतले पुरुष हसायचे. त्यांच्या बायकाही हसायच्या, आणि त्यांत मीही होते.

आमचं मंडळ लहान, कतारमधल्या अल वक्रा आणि आसपासच्या साठेक मराठी घरांचं. नियमावलीत लिहिलेलं, 'एक कुटुंब, एक मत. ते कुटुंबप्रमुखानं द्यावं.' कुटुंबप्रमुख म्हणजे नवरा, हे लिहायची कुणाला गरजही वाटली नव्हती. मी क्लिनिकमध्ये लॅब सांभाळते, माझा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. एका घरात तर नवराच बायकोच्या व्हिसावर राहत होता आणि घर तिच्या पगारावर चालत होतं. मत त्याचं. गणपतीची आरास, मुलांची नाटकं, साठ घरांचा स्वयंपाक आमच्याकडे. मतदान जेवणाच्या जरा आधी असायचं, म्हणजे तेव्हा निम्म्या बायका पुऱ्या तळत असत. काकूंनी एकदा विचारलं, "ही वेळ कुणी ठरवली?"

"सोयीची म्हणून ठेवलीय, वहिनी."

"कुणाच्या सोयीची?"

"यल्ला, चला, पुढचा विषय घेऊ," सेक्रेटरी म्हणाले.

काकू नाशिकला शाळेत इतिहास शिकवायच्या. काकांच्या नोकरीमुळे इथे आल्या आणि नऊ वर्षं राहिल्या. गंमत म्हणजे काकांनी कुणाला मत द्यावं याबद्दल त्या अवाक्षर काढत नसत. एकदा काकांनी काकूंना मुळीच न आवडणाऱ्या माणसाला मत दिलं. आम्हाला वाटलं, आता घरी काकांचं काही खरं नाही. "त्याचं मत आहे, तो बघेल," काकू म्हणाल्या. "मला त्याचं नको आहे, माझं हवं आहे." हा फरक तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी ठराव मांडायचं ठरवलं. प्रत्येक सज्ञान सभासदाला एक मत, बास. सह्यांचा कागद घेऊन त्या घरोघरी फिरल्या. बायका म्हणायच्या, "ह्यांना विचारून करते." काकू विचारायच्या, "का? तुला लिहिता येतं ना?" याला लोक फटकळपणा म्हणायचे. मला तो साधा प्रश्न वाटतो. मी सही केली, पण खरं सांगायचं तर त्यांनी जावं म्हणून केली. असं करत करत बावीस सह्या झाल्या.

सभेत काही नवरे ठरावाच्या बाजूनं बोलायला लागले तसे सेक्रेटरी उठले आणि त्यांनी मधला मार्ग काढला. आमच्यातले बरेच पुरुष समुद्रातल्या गॅस प्लॅटफॉर्मवर चार-चार आठवडे असतात. त्या सभेपर्यंत अशा पुरुषाचं मत त्याचा एखादा मित्र टाकायचा. म्हणजे घरात बसलेल्या बायकोवर तेवढाही विश्वास नाही. आता नवरा बाहेर असेल तेव्हा त्याचं मत पत्नीनं टाकावं, असं ते म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझा महेशही प्लॅटफॉर्मवर असतो, त्यामुळे मी जरा जोरातच वाजवल्या. काकू उठून म्हणाल्या, "हे मला नको." बदललेला ठराव मंजूर झाला, अर्थात पुरुषांच्या हातांनी.

पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. "काकू, मिळतंय ते घ्या ना. पुढचं पुढे."

"अगं सुनीता, स्वातंत्र्याच्या आधी आपल्याकडे सरकारनं असंच देऊ केलं होतं. मतदाराची बायको म्हणून मत. तेव्हा बायकांच्या संघटनांनी विचारलं, लग्न ही कसली पात्रता? द्यायचं तर माणूस म्हणून द्या. त्या बायकांना व्यवहार कळत नव्हता का?"

"त्यांच्यापुढे अख्खा देश होता, काकू. इथे साठ घरं आहेत."

"मग सोपं असायला हवं."

मला राग आला. आठवडाभर मी त्यांना फोन केला नाही.

पुढच्या वर्षी निवडणूक आली. सेक्रेटरींच्या विरुद्ध एक तरुण इंजिनीअर उभा होता, आणि निवडून आलो तर काकूंचा मूळ ठराव पुन्हा आणतो, असं त्यानं सांगितलं होतं. सकाळीच महेशचा प्लॅटफॉर्मवरून मेसेज आला, "सेक्रेटरींना दे." मी लिहिलं, मला तो दुसरा बरा वाटतो. उत्तर आलं, "अगं, मत माझं आहे ना?"

होतंच त्याचं. मी सेक्रेटरींच्या नावापुढे खूण केली आणि चिठ्ठी पेटीत टाकली. ते तीन मतांनी निवडून आले. त्या दिवशी आम्ही अकरा बायकांनी नवऱ्याचं मत टाकलं होतं. मी एकेकीला विचारलं. अकराही जणींना फोनवर नाव सांगितलेलं होतं. मी चिठ्ठी आणून टाकणारी होते. टाळ्या वाजवून मी हे काम घेतलं होतं.

जूनमध्ये काकांचं कंत्राट संपलं. त्यांचा व्हिसा संपला म्हणजे काकूंचाही. मंडळानं निरोप समारंभ केला, सन्मानचिन्ह दिलं. त्यावर काकांचं नाव. काकूंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "यात मी कुठे आहे?"

"सहकुटुंब लिहिलंय ना, वहिनी," सेक्रेटरी म्हणाले, आणि हसले.

सामान बांधायला मी गेले होते तेव्हा काकूंना माझ्या मताचं सांगितलं. त्या कपबशा टॉवेलांत गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "महेशची त्यात चूक नाही."

"तुम्ही मला तेव्हाच नीट सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या आणि टेपचं रीळ माझ्या हातात दिलं. समजूत घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नऊ वर्षांत एकदाही मत न देता त्या परत गेल्या.

यंदा तोच ठराव माझ्या नावानं आहे. दोन तृतीयांश मतं लागतात आणि ती सगळी पुरुषांकडे आहेत. आमचा हक्क द्यायचा की नाही हे तेच ठरवणार, आणि मी त्यांच्या सोफ्यांवर बसून चहा पीत तो मागायचा. संताप होतो, पण दुसरी वाट नाही. महेश म्हणाला, "मी तुझ्या बाजूनं आहे." मी म्हटलं, "ते सभेत दिसेल."

परवा एका आयटीवाल्याकडे गेले होते. मुलगा सभ्य, दोन वर्षांच्या कंत्राटावर आलेला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, माझी काही हरकत नाही. पण एकदा बायकोला विचारून सांगतो."

"तिलाच बाहेर बोलवा," मी म्हटलं.

ती आतून आली, गळ्यात हेडफोन, बहुधा मीटिंग अर्धी टाकून. त्यानं तिला थोडक्यात सांगितलं. तिनं खांदे उडवले. "मला कशाला विचारताय? मत तर रोहनचं आहे."

"बस इथे," मी म्हटलं. "मी त्यासाठीच आलेय."